परतीचें तिकीट

गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या स्नेह्याच्या मुलाचें लग्न झालें, आणि नव्या जोडप्यानें मॉरिशसला जाण्याचा बेत केला. तिकिटें काढण्याचें काम कसें कोण जाणे आमच्याकडे आलें. आम्ही जुने कागद चाळणारे; विमानांच्या वेळापत्रकाशीं आमचा संबंध तो किती! परंतु "तुम्हीं त्या बेटाविषयीं इतकें वाचलें आहे, तर तेथें जायचें कसें हेंही तुम्हांस ठाऊक असलेंच पाहिजे," असा स्नेह्याचा युक्तिवाद. त्यापुढें आमचें कांहीं चाललें नाहीं. मुलाच्या मनांत एकाच बाजूचें तिकीट घ्यावें असें होतें. मन रमलें तर चार दिवस अधिक राहावें, शेजारच्या एखाद्या बेटावर जातां आलें तर जावें, आणि परतीचा दिवस तेथेंच ठरवावा, अशी त्याची कल्पना. तिकिटांच्या कचेरींतील गृहस्थानें ती एका वाक्यांत मोडून काढली. परतीचें किंवा पुढील प्रवासाचें तिकीट हातीं नसेल तर मॉरिशसचे अधिकारी उतरूं देत नाहींत, आणि म्हणून विमान कंपनी इकडेच चढूं देत नाहीं. मुलगा चिडला. "काका, पैसे माझे, रजा माझी, मग परत केव्हां यायचें तें त्यांनीं कां ठरवावें?" असें तो आम्हांस म्हणाला.

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें आजचें उत्तरही सोपें आहे. पाहुण्यानें पाहुण्यासारखें यावें, खर्च करावा आणि जावें, असें प्रत्येक लहान राष्ट्रास वाटतें. परंतु आम्हांस हसूं आलें तें निराळ्याच कारणानें. ज्या बेटावर आज परतीच्या तिकिटावांचून पाऊल ठेवतां येत नाहीं, त्याच बेटावर आपल्या देशाचीं चार लक्षांहून अधिक माणसें एकोणिसाव्या शतकांत उतरलीं; आणि त्यांच्या बाबतींत सारा वाद परतीच्याच तिकिटाचा होता. तें द्यावयाचें कोणीं, द्यावयाचें कीं नाहीं, आणि दिलेंच तर किती वर्षांनीं, यावर कलकत्त्यांत, लंडनमध्यें आणि पोर्ट लुईमध्यें वर्षानुवर्षें लिखापढी चालली. त्या तिकिटाची हकीकत येथें सांगावी असें मनांत आहे.

मॉरिशस हें हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागांतील एक लहान बेट. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढें. मुंबईपासून अंतर सुमारें ४,७०० किलोमीटर. डच लोक १५९८ सालीं तेथें आले, त्यांनीं बेट सोडल्यावर १७१५ सालीं फ्रेंचांनीं तें घेतलें, आणि १८१० सालीं इंग्रजांनीं तें फ्रेंचांपासून जिंकून घेतलें. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला होण्यापूर्वीं युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणारीं जहाजें आफ्रिकेस वळसा घालून येत, आणि त्या वाटेवर पोर्ट लुईचें बंदर म्हणजे एक चावडीच होती. बेटाच्या मुद्रेवर 'हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली' अशा अर्थाचें लॅटिन ब्रीद आहे, तें त्या काळाचें वैभव सांगतें. कालवा खुला झाला आणि चावडी ओस पडूं लागली. बेट जागचें हललें नाहीं. परंतु जगाची वाट हलली, आणि पाहतां पाहतां तें दूर गेलें. दूर गेलेलें हें बेट पुन्हां जवळ येण्यास विमानाची वाट पाहावी लागली.

इंग्रजांच्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें रद्द होण्याचा दिवस मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ हा होता. उंसाच्या मळेवाल्यांस तो दिवस आधींपासून दिसत होता, आणि गुलामाच्या जागीं कोणास उभें करावें याची त्यांस विवंचना होती. १० सप्टेंबर १८३४ रोजीं कलकत्त्यांत छोटा नागपूरकडील छत्तीस डोंगरी मजुरांनीं एका करारावर अंगठे उठविले. मॉरिशसमध्यें हंटर, आर्बथनॉट आणि कंपनी या पेढीच्या मळ्यावर पांच वर्षें राबावें, पुरुषास दरमहा पांच रुपये मिळावे, असा तो करार. 'ॲटलस' नांवाच्या जहाजानें हीं माणसें २ नोव्हेंबर १८३४ रोजीं पोर्ट लुईस उतरलीं. मॉरिशसमध्यें आजही तो दिवस पाळतात.

या करारांतील एक कलम आमच्या विषयास फार जवळचें आहे. पांच रुपयांपैकीं दरमहा एक रुपया मालकानें कापून ठेवावा आणि त्यांतून मजुराच्या परतीच्या प्रवासाची तजवीज करावी, असें त्यांत होतें. म्हणजे परतीचें तिकीट मालकानें फुकट दिलें असें नव्हे. मजुरानेंच तें पांच वर्षें हप्त्यानें विकत घ्यावयाचें होतें. आजचा प्रवासी सहा महिने आधीं पैसे भरून स्वस्त जागा धरतो आणि आपण मोठी दूरदृष्टि दाखविली असें समजतो. त्या छत्तीस माणसांनीं आपल्या मिळकतीचा पंचमांश देऊन पांच वर्षांपुढची जागा धरून ठेविली होती. फरक इतकाच कीं, आजच्या प्रवाशाच्या हातांत कागद असतो, आणि त्यांचा कागद मालकाच्या पेटींत होता.

पुढें हा व्यवहार इतका वाढला आणि त्यांत इतकी फसवणूक शिरली कीं, इंग्लंडांतील गुलामगिरीविरोधी मंडळींनीं ओरड केली, आणि हिंदुस्थान सरकारनें मजूर पाठविणें बंद केलें. बंदी फार दिवस टिकली नाहीं. मळेवाल्यांचें वजन मोठें होतें. १८४२ च्या कायद्यानें मॉरिशसची वाट पुन्हां उघडली, ती या खेपेस सरकारी देखरेखीखालीं, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई अशा तीन बंदरांतून. महाराष्ट्राचा या हकीकतींत प्रवेश होतो तो येथें. तिन्ही बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता, आणि तो बहुतेक पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत आटपला. परंतु त्या वाट्यांत कोंकणचीं माणसें बरींच होतीं, रत्नागिरीकडचीं विशेष. पुढें मुंबईस १८५४ पासून कापसाच्या गिरण्या निघूं लागल्या. कोंकणच्या माणसास पोटासाठीं समुद्र ओलांडण्यापेक्षां खाडी ओलांडणें बरें वाटूं लागलें असावें, आणि म्हणूनच मुंबईचा ओघ आटला असावा, असा आमचा तर्क आहे. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. समुद्रपर्यटन शास्त्रसंमत आहे कीं नाहीं, विलायतेहून परत आलेल्यास प्रायश्चित्त कोणतें द्यावें, याविषयीं आपल्या पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केवढा शाई-कागद खर्चिला! त्याच्या चाळीस वर्षें आधीं कोंकणांतील कुणबी समुद्र ओलांडून गेला होता. त्याच्या प्रायश्चित्ताचा विचार कोणींच केला नाहीं, कारण तो परत येईल असें कोणास वाटलेंच नव्हतें.

आणि खरोखरीच तो परत येऊं नये अशी व्यवस्था लवकरच झाली. सरकारी देखरेखीच्या पहिल्या वर्षांत पांच वर्षें काम केलेल्या मजुरास फुकट परत आणण्याची जबाबदारी वसाहतीवर होती. मळेवाल्यांस ही गोष्ट टोंचूं लागली. ऊंस तोडण्यांत हात बसलेला मनुष्य पांच वर्षांनीं निघून जावा, आणि त्याला पाठविण्याचा खर्चही आपणच सोसावा, हा कोठला न्याय, असें त्यांचें म्हणणें. १८५० नंतर दोन-तीन वर्षांतच फुकट परतीचा हा हक्क काढून घेण्यांत आला. ज्याला जावयाचें असेल त्यानें आपल्या पैशानें जावें, असें ठरलें. कागदावर हें साधें दिसतें. परंतु ज्याच्या मजुरींतून एक दिवस न आल्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापला जाई, तो जहाजाचें भाडें कशांतून सांठविणार? आलेल्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश माणसें तेथेंच राहिलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकीं कित्येकांस तेथें जमीन मिळाली, लग्नें झालीं, मुलें झालीं, आणि तीं आपखुषीनें राहिलीं हेंही नाकारतां येत नाहीं. एकंदर हकीकत केवळ अश्रूंचीच आहे असें लिहिणें सोपें असतें. तें आम्ही करणार नाहीं. तथापि जो राहिला त्यास जाण्याची मोकळीक होती कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच.

'तिकीट' या शब्दाला तेथें आणखी एक अर्थ आला, आणि तो आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. करार संपवून मळ्याबाहेर राहणाऱ्या जुन्या मजुरानें आपलें छायाचित्र लावलेलें एक तिकीट सदैव जवळ बाळगावें, आणि आपल्या जिल्ह्याबाहेर जावयाचें तर पोलिसांचा दाखला घ्यावा, असा कायदा १८६७ सालीं झाला. तिकीट घरीं विसरलें, पावसांत भिजलें किंवा चोरीस गेलें, तर त्या मनुष्यास भटक्या समजून धरीत. जगांत इतरत्र तिकीट म्हणजे जाण्याचा परवाना. येथें तें न जाण्याचा पुरावा झालें. आदोल्फ द प्लेविट्झ नांवाच्या एका युरोपियन गृहस्थानें मजुरांची बाजू घेऊन १८७१ सालीं हजारों सह्यांचा अर्ज राज्यपालाकडे केला. मळेवाल्यांनीं त्यास हद्दपार करण्याची मागणी केली; परंतु अर्जाचा परिणाम होऊन बादशाही चौकशी मंडळ नेमलें गेलें, आणि त्याच्या १८७५ च्या अहवालांत पोलिसांच्या या शिकारीचें सविस्तर वर्णन आलें. तीं छायाचित्रें मात्र राहिलीं. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. जहाजाचें नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची, अंगावरील खूण असें सारें त्यांत आहे, आणि कित्येकांचे चेहरेही आहेत. ज्या सरकारनें त्यांस बांधून ठेवण्यासाठीं हें लिहून घेतलें, त्यानें आपल्या नकळत एका समाजाची वंशावळ लिहून ठेविली.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर जेथें मजूर उतरत, तेथें १८४९ सालीं बांधलेल्या ठाण्याचा कांहीं भाग अद्याप उभा आहे. त्यास आतां 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि २००६ सालीं त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. त्या दगडी पायऱ्यांचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील. परंतु उत्तरेकडील गाब्रिएल नांवाचें लहानसें बेट फारसें कोणास ठाऊक नसतें. १८५६ सालीं कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकीची सांथ असल्याच्या भयानें त्यांतील मजुरांस पोर्ट लुईंत घेतलें नाहीं. त्या उघड्या बेटावर, पुरेसें पाणी व आसरा नसतां, उतरवून ठेविलें. पावसांत व रोगांत तेथें शेंकड्यांनीं माणसें मेलीं. हल्लीं मॉरिशसच्या सहलींत शिडाच्या जुळ्या होड्यांतून दिवसभर त्याच गाब्रिएल बेटावर नेऊन आणतात. पांढरी वाळू, निळें पाणी, भाजलेले मासे. आमच्या जोडप्यानें धरलेल्या कार्यक्रमांत तिसऱ्या दिवशीं हीच सहल होती. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. सहलीस निघालेल्या माणसास थडगीं दाखवीत बसणें हें इतिहासकाराचें काम असेल. पण काकाचें नव्हे.

सुवेझनंतरच्या मॉरिशसला जाण्याची वाट वांकडी झाली होती, याची साक्ष दोन प्रवाशांच्या हकीकतींत सांपडते. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८९६ सालीं हिंदुस्थानांतून निघून मद्रास व कोलंबोवरून तेथें गेला. त्याच्या आगबोटीचें नांव 'वर्धा' होतें, हें वाचून कोणाही महाराष्ट्रीयास गंमत वाटेल. दुसरा प्रवासी गांधीजी. १९०१ च्या अखेरीस दरबानहून 'नौशेरा' बोटीनें मुंबईस परततांना ते वाटेंत पोर्ट लुईस उतरले. बोट लगेच निघणार नव्हती, आणि म्हणून त्यांस जवळजवळ तीन आठवडे तेथें राहावयास मिळालें. राज्यपाल सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे त्यांचा पाहुणचार झाला, आणि मजुरांच्या वंशजांस त्यांनीं मुलांस शिकविण्याचा व राजकारणांत लक्ष घालण्याचा उपदेश केला. १९०७ सालीं मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथें जाऊन मजुरांचे वकील झाले, तें गांधीजींच्याच प्रेरणेनें. म्हणजे मॉरिशसच्या हिंदी समाजाच्या इतिहासांतील एक मोठा प्रसंग बोटीच्या मुक्कामामुळें घडला. आजच्या विमानाच्या वेळापत्रकांत असा अवकाश राहत नाहीं. दोन विमानांच्या मधील वेळ दोन तासांहून अधिक झाला कीं आपण कंपनीस शिव्या देतों.

विमान त्या बेटावर प्रथम उतरलें तें १९३३ च्या सप्टेंबर महिन्यांत. शेजारच्या रेयूनिओं बेटाहून फ्रेंच वैमानिकांनीं सुमारें दोनशें किलोमीटरांचा समुद्र ओलांडून उत्तरेकडील मों शुआझी येथील मोकळ्या मैदानांत तें उतरविलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन मुंबईस विमान आणलें होतें. दोन्ही प्रसंग आज लहान वाटतात. परंतु हिंदी महासागर हा विमानांना फार काळ दुस्तर राहिला, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. अटलांटिकावर दोन्ही बाजूंस श्रीमंत राष्ट्रें होतीं. येथें मध्यें बेटें विरळ, आणि दोन्ही बाजूंस भाडें भरण्यास समर्थ प्रवासी थोडे. दुसऱ्या महायुद्धानें हा प्रश्न सोडविला. बेटाच्या आग्नेयेस, माहेबूर्गजवळ, प्लेझान्स नांवाच्या मळ्याच्या जमिनींत युद्धासाठीं धांवपट्टी तयार झाली, आणि युद्ध संपतांच फ्रेंच विमानें मादागास्कर व रेयूनिओंवरून तेथें प्रवासी नेऊं लागलीं. डच जहाजें १५९८ सालीं ज्या उपसागरांत शिरलीं, तो येथून अगदीं जवळ आहे. मजूर उतरत तें बंदर मात्र बेटाच्या दुसऱ्या टोंकास. दोन दारें, दोन बाजूंस. पाहुण्यांचें एक आणि कष्टकऱ्यांचें एक. मुद्दाम कोणीं असें योजिलें नव्हतें, पण झालें असें.

मॉरिशसला खऱ्या अर्थानें जगाच्या नकाशावर परत आणलें तें ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें. १९५२ च्या सप्टेंबरांत तिनें सिडनीहून पर्थ, कोकोस बेटें व मॉरिशस असे टप्पे घेत जोहान्सबर्गपर्यंत विमानसेवा सुरू केली. कॉन्स्टेलेशन जातीचीं चार पंख्यांचीं विमानें ती वापरी. कोकोस ते मॉरिशस हा टप्पा चार हजार किलोमीटरांहून अधिक, आणि खालीं सर्वत्र पाणी. प्रवाशांपैकीं फार थोड्यांस मॉरिशसला जावयाचें असे. विमानास तेल हवें, म्हणून ते तेथें उतरत. पूर्वीं पाणी व भाजीपाला घेण्यास जहाजें थांबत, तसेंच हें. ओस पडलेल्या चावडीवर पुन्हां माणसें टेकूं लागलीं.

पुढील भाग थोडक्यांत सांगतां येईल. १४ जून १९६७ रोजीं एअर मॉरिशस ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभीं फ्रेंच व इंग्रज विमान कंपन्यांचा हात होता, आणि पुढें आपल्या एअर इंडियानेंही त्यांत भाग घेतला. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला. राष्ट्र होण्याच्या आधीं नऊ महिने विमान कंपनी जन्मास यावी, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं. बेटावरील माणसास बाहेर पडण्याची वाट ही राज्यघटनेइतकीच निकडीची असते. कंपनीचें चिन्ह लांब शेपटीचा एक पांढरा समुद्रपक्षी आहे. १९८८ सालीं तिचें एक नवें बोइंग कॅनडांतील हॅलिफॅक्सहून निघून वाटेंत कोठेंही न थांबतां प्लेझान्सला उतरलें; अंतर सुमारें १४,००० किलोमीटर, आणि दोन एंजिनांच्या प्रवासी विमानानें एवढी मजल तोंवर मारली नव्हती. विमानतळास राष्ट्रपिता सर शिवसागर रामगुलाम यांचें नांव आहे, ते मजुराचे पुत्र. सांथीच्या दिवसांत, एप्रिल १९२० नव्हे, एप्रिल २०२० मध्यें, कंपनी दिवाळ्याच्या काठावर जाऊन प्रशासकांच्या हातीं गेली, आणि १८ महिन्यांनीं त्यांतून बाहेर पडली. लेखणी शंभर वर्षें मागें गेली ती उगाच नव्हे. या बेटाच्या हकीकतींत शतकांची सरमिसळ सहज होते.

स्वातंत्र्याच्या वर्षीं तेथें सुमारें पंधरा हजार पाहुणे आले होते. २०१८ सालीं तो आंकडा चौदा लक्षांच्या आसपास गेला, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येहून अधिक. तरीही स्वस्त भाड्याचीं खास विमानें भरभरून माणसें आणूं नयेत, थोडे पण खर्चिक पाहुणे यावेत, असें तेथील सरकारचें धोरण पुष्कळ वर्षें होतें. विमानाचें भाडें हें नुसतें अंतरावर ठरत नाहीं हें अशा वेळीं कळून येतें. दोन देशांच्या सरकारांनीं परस्परांशीं केलेला करार, आठवड्यांतून किती विमानें कोणत्या शहरास यावीत याची मर्यादा, आणि कंपन्यांच्या संघाचे नियम, यांवर तें ठरे. हा संघ १९४५ सालीं हवाना येथें स्थापन झाला, आणि पुढें कित्येक वर्षें भाड्याचे दर त्याच्याच परिषदांतून निघत. २००८ च्या जूनपासून कागदी तिकीट त्यानें बंद केलें. आमच्या पिढीस लाल कार्बनाच्या त्या पातळ पुस्तिकेची आठवण असेल. परतीचें पान फाटलें तर नाहीं ना, हें मनुष्य दहादां पाही.

बेत कसा करावा हें वाचकांपैकीं कोणास हवें असेल, तर आम्हीं त्या जोडप्यासाठीं शोधिलें तें सांगून टाकतों. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, म्हणून ऋतु उलटे. आपला पावसाळा तो त्यांचा थंड व कोरडा काळ. जून ते सप्टेंबर हवा सुखाची. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वादळांचे दिवस. १९६० च्या जानेवारींत व फेब्रुवारींत 'आलिक्स' व 'कॅरोल' हीं दोन वादळें पाठोपाठ आलीं आणि बेटावरील हजारों घरें भुईसपाट झालीं; आज तेथें सिमेंटचीं घरें जिकडे तिकडे दिसतात त्याचें कारण तें. १५ जानेवारी २०२४ रोजीं 'बेलाल' वादळानें विमानतळ बंद पडला होता. डिसेंबर-जानेवारींत युरोपांतील व आफ्रिकेंतील सुटीमुळें भाडें सर्वांत चढतें, आणि वादळाची भीतीही तेव्हांच. म्हणजे अधिक पैसे देऊन अधिक धोका घ्यावयाचा. जोडप्यास आम्हीं सप्टेंबर सुचविला. मुंबईहून थेट विमान मिळालें तर सहा-सात तासांचा प्रवास, आणि घड्याळ दीड तास मागें.

परतीच्या तिकिटाची हकीकत मजुरांबरोबर संपली असें कोणी समजूं नये. मॉरिशसच्या ईशान्येस दोन हजार किलोमीटरांवर चागोस नांवाचा द्वीपसमूह आहे. स्वातंत्र्य देण्यापूर्वीं, १९६५ सालीं, इंग्रजांनीं तो मॉरिशसपासून तोडून आपल्याकडे ठेविला, आणि त्यांतील दिएगो गार्सिया हें बेट अमेरिकेच्या लष्करास दिलें. तेथें दीड-दोन हजार माणसें पिढ्यान् पिढ्या नारळाच्या वाड्यांवर राबत होतीं. त्यांपैकीं कांहीं १९६७-६८ च्या सुमारास औषधपाण्यासाठीं किंवा आप्तांस भेटण्यासाठीं पोर्ट लुईस आलीं. काम आटोपून परत जाण्यास बोटीच्या कचेरींत गेलीं, तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं आतां तिकडे बोट जाणार नाहीं. उरलेल्यांस १९७३ पर्यंत जहाजांत घालून मॉरिशस व सेशेल्स येथें आणून सोडलें. दिएगो गार्सियावर आज मोठी धांवपट्टी आहे, आणि तिच्यावर अवजड लष्करी विमानें उतरतात. परंतु त्या बेटाचें तिकीट कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत आंतरराष्ट्रीय न्यायालयानें चागोसवरील इंग्रजी अंमल संपवावा असें मत दिलें, आणि २२ मे २०२५ रोजीं ब्रिटन व मॉरिशस यांच्यांत तहावर सह्या झाल्या. त्या तहाच्या मसुद्यांत इतर बेटांवर पुन्हां वस्ती करण्याची मुभा आहे. दिएगो गार्सियावर नाहीं. कोंकणच्या कुणब्यास जाण्यास पैसे नव्हते. या माणसांच्या हातीं पैसे असले तरी जाण्यास वाट नाहीं. दोहोंत अधिक कठीण कोणतें, याचा निवाडा आमच्यानें होत नाहीं.

मॉरिशसमधील मराठी समाजाविषयीं इकडे पुष्कळ भाबडेपणानें लिहिलें जातें. जणूं तो समाज आपली आठवण काढीत किनाऱ्यावर बसला आहे. खरें पाहतां त्यांतील बहुतेक माणसें घरांत क्रेओल बोलतात, कचेरींत इंग्रजी लिहितात आणि वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात. मराठी शाळेंत शिकविली जाते, महात्मा गांधी संस्थेंत तिचा विभाग आहे, आणि गणेशचतुर्थीस देशभर सरकारी सुटी असते. कोंकणांतील जाखडीचा नाच तेथें 'झाकरी' नांवानें टिकला आहे. नाण्याचें नांव रुपया आहे. एवढें टिकलें हेंच फार आहे; त्यासाठीं त्यांस आपल्यासारखें व्हावयास लावण्याची गरज नाहीं.

तथापि त्यांपैकीं कांहीं माणसें अलीकडे इकडे येऊं लागलीं आहेत. मोका येथील नोंदवहींतून पणजोबाचा उतारा काढावयाचा, त्यांत इंग्रज कारकुनानें ऐकूं आलें तसें लिहिलेलें गांवाचें नांव वाचावयाचें, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत त्या नांवाचीं दोन-तीन गांवें निघालीं तर तिन्हीं ठिकाणीं फिरावयाचें, असा त्यांचा क्रम असतो. मार्च २०२४ मध्यें आपल्या राष्ट्रपति मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनास गेल्या असतां, तेथील हिंदी वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांस हिंदुस्थानचें परदेशस्थ नागरिकत्व मिळण्याची सोय त्यांनीं जाहीर केली. त्यासाठींही पुरावा म्हणून तोच उतारा लागतो. १८६७ च्या कायद्यानें सक्तीनें खिशांत ठेवावें लागलेलें तें छायाचित्र आतां पणतू आपण होऊन मागून घेतो.

आमचें जोडपें दहा दिवसांनीं ठरल्या वेळीं परत आलें. तें गणेशचतुर्थीच्या सुमारास तेथें होतें, आणि एका खेड्यांत नदीकांठीं विसर्जन पाहून आलें. तेथें भेटलेल्या एका वृद्ध बाईनें सुनेस विचारलें होतें, "तुम्ही तिकडून आलांत, तर खेड तालुका कोठें येतो?" सुनेस नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून तिनें घरीं येतांच आम्हांस विचारलें. आम्हीं नकाशा काढून दाखविला. बाई पुढच्या डिसेंबरांत येणार आहेत. त्यांचें मुंबईचें तिकीट निघालें आहे, आणि त्यावर परतीचें ठिकाण प्लेझान्स असें आहे.